बंदी जाळ्यावर की मुशीवर?

शिकारीच्या काडतुसांतून आणि मासेमारीच्या गळा-जाळ्यांतून शिसे हद्दपार करावे की करू नये, हा वाद पाश्चात्त्य देशांत गेली चाळीस-पन्नास वर्षे चालू आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कने शिकारीच्या सर्व प्रकारच्या दारूगोळ्यात शिशाला मज्जाव केला. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने तीन वर्षांची मुदत देऊन त्याच दिशेने जाण्याचे जाहीर केले. अशा बातम्या आपल्याकडे छापून आल्याच तर आतल्या पानावर चार ओळींत येतात आणि वाचकही ‘साहेबांच्या शिकारीची भानगड’ म्हणून पान उलटतो. पावसाच्या चार सरींवर ज्याचे वर्षाचे भवितव्य ठरते त्या जालना जिल्ह्याला या वादाचे काय सोयरसुतक, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शिसे ही वस्तू सरहद्द ओळखत नाही. या वादातून जालन्याने काय घ्यावे आणि काय टाकावे, याचा विचार वेळीच केला नाही, तर परदेशी नमुन्यावर बेतलेला एखादा कायदा एके दिवशी येईल आणि त्याचा पहिला फटका नेमका ज्याला बसू नये त्यालाच बसेल.

वादाचा उगम

हा वाद मुळात पाणपक्ष्यांमुळे उद्भवला. बदके, हंस यांसारख्या पक्ष्यांना दात नसतात. गिळलेले धान्य पोटातील पेषणीत भरडले जावे म्हणून ते तळ्याच्या तळाची वाळू आणि बारीक खडे गिळतात. शिकाऱ्याच्या बंदुकीतून सुटलेल्या छर्‍यांपैकी फारच थोडे पक्ष्याला लागतात. उरलेले तळ्यात पडतात. पक्षी ते खडे समजून उचलतो. पेषणीत ते झिजतात, पोटातील आम्लात विरघळतात आणि पक्षी खंगत खंगत मरतो. १९५९ मध्ये अमेरिकेतील फ्रँक बेलरोझ या संशोधकाने या मृत्यूंचा पद्धतशीर हिशेब मांडला. परंतु पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना तेथे देशभर बंदी होण्यास १९९१ साल उजाडावे लागले. संशोधकाचा निष्कर्ष आणि सरकारचा निर्णय यांत बत्तीस वर्षांचे अंतर पडले.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट गळाच्या बाबतीत घडली. गळाच्या दोरीला लावलेली शिशाची बारीक वजने तुटून नदीकाठी पडत आणि थेम्ससारख्या नद्यांवरील हंस ती गिळून मरत. १९८७ च्या आरंभापासून त्या देशाने ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री व आयात थांबविली आणि पुढील वर्षांत हंसांची संख्या सावरली. कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडाची कथा याहून करुण आहे. १९८२ मध्ये या जातीचे अवघे २२ पक्षी उरले होते. शिकाऱ्याने मागे टाकलेल्या जनावराच्या मांसातील गोळीचे कण हे त्यांच्या मृत्यूचे एक मुख्य कारण ठरले. त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी घातली.

विरोधकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. पोलादी छर्रा शिशापेक्षा हलका असल्याने त्याचा पल्ला कमी पडतो, जुन्या बंदुकीच्या नळीला तो मानवत नाही आणि तांबे, बिस्मथ, टंगस्टन हे पर्याय महाग आहेत, असे शिकारी संघटनांचे म्हणणे असते. अमेरिकेत १९ जानेवारी २०१७ रोजी, म्हणजे ओबामांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या पूर्ण दिवशी, संघराज्याच्या वन्यजीव आश्रयस्थानांतून शिशाचा दारूगोळा आणि मासेमारीतील शिसे टप्प्याटप्प्याने काढण्याचा आदेश निघाला. २ मार्च रोजी नव्या सरकारच्या गृहमंत्र्याने तो रद्द केला. अवघ्या सहा आठवड्यांत धोरण उलटे फिरते, याचा अर्थ वाद केवळ विज्ञानाचा नसून पर्यायाची किंमत कोणी सोसावयाची याचा आहे.

आपल्याकडील परिस्थिती

भारतात या वादाचा अर्धा भाग कायद्यानेच निकालात निघाला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना घेऊन शिकार करण्यास काही वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तोही संपला. आपल्याकडील पाणथळ जागी बंदूक घेऊन बदके टिपणारा शिकारी आता कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच आहे. त्याच्या छर्‍यांत कोणता धातू असावा याचा निराळा कायदा करणे म्हणजे दरोडेखोराला सुरीच्या पात्याबद्दल नियम घालून देण्यासारखे होईल.

एक फट मात्र शिल्लक आहे. रोही आणि रानडुकरे उभ्या पिकाची नासाडी करतात, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे खरे आहे. अशा प्राण्यांना परवानगीने मारण्याची तरतूद कायद्यात आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ती परवानगी देण्याची रीत सोपी केली. या मार्गाने झाडलेली गोळी बहुधा शिशाचीच असणार. ती मऊ असल्याने शरीरात फुटते आणि तिचे कण जखमेपासून दूरपर्यंत मांसात विखुरतात. असे जनावर उघड्यावर पडले, तर घारी, कुत्री आणि उरलीसुरली गिधाडे त्यावर येतात. येथे काँडोरचा धडा उपयोगी आहे आणि तो अमलात आणण्यास पैसाही लागत नाही. मारलेले जनावर त्याच दिवशी खोल पुरावे किंवा जाळावे, ही अट परवान्यावर ठळकपणे असावी आणि ती पाळली गेल्याची खात्री वनकर्मचाऱ्याने करावी.

वादाचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे मासेमारीतील शिसे, मात्र थेट जालन्याच्या दारात येतो. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी आणि परतूर हे तालुके तिच्या काठी आहेत. दुधना व पूर्णा या नद्या आहेत, निम्न दुधना प्रकल्पाचा फुगवटा आहे, घाणेवाडीसारखा जुना तलाव आहे. शेजारीच पैठणचा नाथसागर आहे. तो १९७६ मध्ये पूर्ण झाला, १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि आज जालना शहराची तहानही तोच भागवितो. या पाण्यांवर भोई, कहार, कोळी समाजांतील कुटुंबे पोट भरतात. तलावाचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. जाळे मात्र ज्याचे त्याचे असते. फेकजाळ्याच्या घेराला शिशाचे मणी ओवलेले असतात. जाळे हवेत पसरून पाण्यावर पडले की, हे मणी त्याची कड झपाट्याने खाली नेतात. कड सावकाश बुडाली तर मासा निसटतो. मच्छीमाराची दिवसाची कमाई अशी त्या मण्यांवर अवलंबून असते.

धोका कोठे आहे?

या ठिकाणी परदेशी वाद आणि आपली परिस्थिती यांतील फरक स्पष्ट केला पाहिजे. तळ्याच्या तळाशी हरवलेला मणी पक्ष्याच्या पोटात जाऊ शकतो. नाथसागरावर हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांच्या दृष्टीने तो धोका खराच आहे. परंतु ‘तलावातील शिशाने पिण्याचे पाणी विषारी झाले’ अशी हाकाटी करण्याचे कारण नाही. काळ्या खडकाच्या प्रदेशातील कठीण पाण्यात धातुरूप शिसे फारच सावकाश विरघळते. शिवाय फेकजाळ्याचा मणी शिकाऱ्याच्या छर्‍याप्रमाणे प्रत्येक वापरात टाकून दिला जात नाही. छर्रा हा खर्च असतो. मणी हे भांडवल असते. गरीब माणूस आपले भांडवल सांभाळतो.

मोठा धोका पाण्यात नसून काठावरच्या झोपडीत आहे. शिसे सुमारे ३२७ अंशांवर वितळते. त्यासाठी भट्टी लागत नाही, घरची चूल पुरते. म्हणूनच जेथे जेथे लहान मच्छीमार आहे तेथे तेथे भंगारातले शिसे आणून ते पळीत किंवा डब्यात वितळवावे आणि वजने घरीच ओतावीत, ही रीत आढळते. भंगारातले शिसे म्हणजे बहुतांशी जुन्या बॅटऱ्यांचे, कारण जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के बॅटऱ्यांतच जाते. बॅटरी फोडताना तिच्या पट्ट्यांवरील भुकटी उडते. वितळवताना वर मळी येते. ती अंगणात सांडते, वाळते आणि तिची धूळ होते. त्याच अंगणात मुले खेळतात, त्याच चुलीवर भाकरी भाजली जाते. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर पोटात गेलेल्या शिशापैकी चार-पाच पट अधिक भाग शोषून घेते. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालाच्या अंदाजानुसार, रक्तात प्रमाणाबाहेर शिसे असलेल्या जगातील ८० कोटी मुलांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतात आहेत. या विषाची लक्षणे चटकन दिसत नाहीत. मूल आजारी पडत नाही. ते वर्गात मागे पडते. ते मंद आहे की आळशी, याची चर्चा शिक्षक आणि पालक करीत बसतात आणि खरे कारण चुलीपाशी राहून जाते.

त्यामुळे युरोपचा कायदा जसाच्या तसा उचलून उद्या जाळ्यांतील शिशावर बंदी घातली, तर ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असा प्रकार होईल. निरीक्षक काठावर येऊन जाळे जप्त करील, मच्छीमार दंड भरील किंवा चिरीमिरी देईल आणि नवे मणी पाडण्यासाठी पुन्हा चूल पेटवील. जप्तीमुळे शिसे वितळविण्याचे प्रसंग वाढतीलच. कमी होणार नाहीत.

स्वस्त काय आहे?

मच्छीमार शिसे का वापरतो, या प्रश्नाचे सहज दिले जाणारे उत्तर ‘ते स्वस्त असते म्हणून’ असे आहे. वस्तुतः ते चूक आहे. किलोच्या भावात शिसे लोखंडाहून बरेच महाग पडते. स्वस्त आहे ती शिशाची घडण. त्याला कारखाना लागत नाही, यंत्र लागत नाही, कारागीर लागत नाही. ते दोन दगडांमध्ये ठेचून दोरीवर बसविता येते आणि गंजत नाही. मच्छीमार धातूची नव्हे, तर या सोयीची किंमत मोजतो. पर्याय द्यावयाचा तर तो या सोयीच्या तोडीचा असला पाहिजे.

आता हिशेब पाहावा. शिशाची घनता पाण्याच्या ११.३४ पट, तर लोखंडाची ७.८७ पट. पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाच्या पाण्याइतके वजन गमावते, हा शाळेतील नियम लावला म्हणजे असे दिसते की, तीन किलो शिसे पाण्यात जेवढा ओढा देते, तेवढा ओढा देण्यास सुमारे तीन किलो एकशेतीस ग्रॅम लोखंड पुरते. मच्छीमाराच्या खांद्यावरील ओझे शेकडा चार-पाचनेच वाढते. मण्यांचे आकारमान मात्र दीडपट होते, त्यामुळे कड किंचित सावकाश बुडेल, ही अडचण मान्य केली पाहिजे. मणी गोल न ठेवता लांबट ठेवून ती कमी करता येईल. भाजक्या मातीच्या मण्यांचा पर्याय पुष्कळ जुना आहे. सिंधू संस्कृतीच्या अवशेषांतही जाळ्याची अशी वजने सापडली आहेत. परंतु मातीचा मणी पाण्यात आपले निम्मे वजन हरवितो आणि शिशाची बरोबरी करण्यास त्याचे आकारमान सुमारे दहापट लागते. फेकजाळ्याला तो परवडणारा नाही. निवड लोखंडाचीच आहे.

आणि लोखंडासाठी जालन्याने दुसरीकडे पाहण्याची आवश्यकता नाही. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण आज खरी असेल तर ती बियाण्यांच्या आणि पोलादाच्या उद्योगांमुळे. भंगार वितळवून सळई काढणारे कारखाने या शहराच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. सळईचे तुकडे करून त्यांना भोक पाडणे हे काम एखाद्या लहान कार्यशाळेलाही अवघड नाही. गंज हा एकच खरा अडथळा उरतो. गंजलेला मणी दोरा खातो, म्हणून मण्यांच्या कडा गुळगुळीत असाव्या लागतील आणि काही हंगामांनी मणी बदलावे लागतील. हा आवर्ती खर्च आहे आणि तो लपवून ठेवता कामा नये.

याउलट जमेची बाजूही भक्कम आहे. मच्छीमाराच्या जाळ्यातील शिसे ही त्याची मालमत्ता आहे. तीन किलो शिसे भंगाराच्या रास्त भावाने घेऊन त्याच्या बदल्यात सव्वातीन किलो लोखंड दिले, तर धातूच्या किमतीत मच्छीमाराचेच येणे निघण्याची शक्यता अधिक. सरकारला सोसावा लागेल तो खर्च मुख्यतः दोन बाबींचा: मणी पाडण्याची मजुरी आणि जाळे पुन्हा ओवण्यात बुडणारे एक-दोन दिवस. तो मच्छीमाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण पक्षी वाचल्याचा आणि मुलांची बुद्धी शाबूत राहिल्याचा लाभ साऱ्या समाजाला होणार आहे. लाभ सर्वांचा आणि भुर्दंड एकाचा, ही व्यवस्था कधीच टिकत नाही.

बंदी केव्हा यशस्वी होते?

आपल्याकडील अनुभव याबाबत पुरेसा बोलका आहे. २००० साली देशभर पेट्रोलमधून शिसे गेले आणि परत आले नाही, कारण बदल मोजक्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत करावयाचा होता. वाहनचालकाला काहीच करावे लागले नाही. गिधाडांचा संहार करणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाला २००६ मध्ये पशुवैद्यकात बंदी झाली. मेलॉक्सिकॅम हा पर्याय हाताशी असल्याने ती बरीच यशस्वी झाली. तरीही माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात राहिल्या आणि २०१५ मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरवर आणावा लागला. याच्या उलट २०१८ च्या जूनपासून महाराष्ट्रात अमलात आलेली प्लॅस्टिक पिशव्यांची बंदी घ्यावी. कोणत्याही आठवडे बाजारात फेरी मारली की तिची अवस्था कळते. भाजीवाल्याला दंड झाला, पण त्याच्या हातात परवडणारी दुसरी पिशवी कोणी दिली नाही. उगमाशी केलेला बदल टिकतो आणि शेवटच्या, दुबळ्या दुव्यावर लादलेला बदल कागदावर राहतो, हा या तिन्ही उदाहरणांचा मथितार्थ आहे.

म्हणून जालन्याचा क्रम युरोपच्या उलटा असावा. पहिली बंदी जाळ्यावर नको. ती मुशीवर हवी. बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीविषयी २०२२ चे नियम आहेत. जुनी बॅटरी परत घेऊन अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पोहोचविण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. ते नियम जिल्ह्यातील भंगाराच्या दुकानापर्यंत पोहोचले, तर चुलीवर येणारे शिसे आपोआप आटेल. त्याबरोबरच मत्स्यव्यवसाय विभागाने सहकारी संस्थांमार्फत मण्यांची अदलाबदल हाती घ्यावी. जाळ्यांच्या खरेदीसाठी मच्छीमारांना साहाय्य देण्याची पद्धत राज्यात आहेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णयही राज्य मंत्रिमंडळाने घेतला. त्या दर्जाचा उपयोग विजेच्या सवलतीपुरता का असावा? जे नवे जाळे साहाय्यातून मिळेल ते लोखंडी मण्यांचेच असेल, एवढी एक अट घातली तरी काही वर्षांत शिसे मागे पडू लागेल. प्रयोग आधी एका तलावावर, एका संस्थेच्या सभासदांबरोबर व्हावा आणि मणी कसा असावा हे ठरविताना अधिकाऱ्याइतकेच जाळे फेकणाऱ्याचेही मत ऐकले जावे. गोळा झालेले शिसे तोलून अधिकृत केंद्राकडे गेले पाहिजे. नाही तर एका दाराने बाहेर काढलेले विष दुसऱ्या दाराने आत येईल. हे सर्व झाल्यावर, सर्वांत शेवटी, शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी यावी. तोवर ती बंदी कोणाला जाचणारही नाही.

त्याचबरोबर मच्छीमार वस्त्यांतील शाळकरी मुलांच्या रक्ताची तपासणी आरोग्य विभागाने केली पाहिजे. ही तपासणी सोपी आहे. कठीण आहे ती तिची आवश्यकता पटणे. पाश्चात्त्य देशांना शिशाचे विष प्रथम मेलेल्या हंसांनी दाखवून दिले, कारण हंस मेलेला दिसतो. मंदावलेले मूल तसे दिसत नाही. ते शाळा सोडते, मजुरीला लागते आणि कोणत्याही मृत्यूच्या नोंदीत येत नाही. धोरण आखणाऱ्यांनी या न दिसणाऱ्या नुकसानीचा हिशेब आधी मांडावा. तो मांडला की बंदीची सुरुवात कोठून करावी, याविषयी वादाला फारशी जागा उरणार नाही.